कमरेचं सोडून रुळाकाठी : लगूना निगेलच्या एका वार्षिक खोडीची कुळकथा

स्थानिक इतिहासाच्या कामात एक प्रश्न वारंवार आडवा येतो. एखादी प्रथा नेमकी कधी सुरू झाली, आणि कोणी सुरू केली? आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचंच घ्या. जुन्या राजवाड्याच्या आसपास चार म्हाताऱ्यांना विचारलं, तर गेरच्या उगमाच्या चार कथा ऐकायला मिळतात, आणि चारही सांगणारे शपथेवर सांगतात. लोकप्रथांचं असंच असतं. त्या लक्षात येण्याइतक्या मोठ्या होतात, तोवर त्यांचा जन्म पाहिलेली माणसं निघून गेलेली असतात.

म्हणून ज्या प्रथेचं वर्ष, जागा आणि निमित्त तिन्ही माहीत आहेत अशी एखादी सापडली, की ती कितीही आचरट असली तरी नीट पाहावीशी वाटते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लगूना निगेल नावाच्या गावात, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी माणसं रुळाकाठच्या कुंपणापाशी रांगेत उभी राहतात, गाडी आली की तिच्याकडे पाठ करतात, विजार खाली ओढतात आणि प्रवाशांना आपलं ढुंगण दाखवतात. गाडी गेली की विजारी वर, आणि मंडळी पुढच्या गाडीची वाट पाहत बसतात. ही प्रथा 1979 साली सुरू झाली. 'कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणं' हा वाक्प्रचार आपण निर्लज्जपणासाठी वापरतो. इथे तो जवळजवळ शब्दशः घडतो, फक्त डोक्याला गुंडाळायचं तेवढं राहून जातं.

हसू आलं असेल तर येऊ द्या. पण हसून झाल्यावर दोन प्रश्न उरतात. ही खोडी इतकी वर्षं टिकली कशाच्या जोरावर? आणि एवढी लोकप्रिय झाल्यावर ती जवळजवळ मोडली कशामुळे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या गावच्या प्रथांनाही लागू पडतात, म्हणून हा लेखप्रपंच.

नावात चंद्र कसा आला

या कृतीला इंग्रजीत 'मूनिंग' म्हणतात. मून म्हणजे चंद्र. गोल, गोरा आणि एरवी झाकलेला, एवढ्या साम्यावर हा शब्द बेतलेला आहे. पार्श्वभागाला 'मून' म्हणण्याची पद्धत इंग्रजीत अठराव्या शतकापासून आढळते. पण ते दाखवण्याच्या क्रियेला हे नाव चिकटलं ते पुष्कळ उशिरा, 1960 च्या दशकात, अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांच्या बोलीतून. लगूना निगेलची घटना त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतली, म्हणजे शब्द तेव्हा अजून ताजा होता. आपल्याकडे गणेशचतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर खोटा आळ येतो असं मानतात. तिथे भर दुपारी चंद्रदर्शन घडतं, आणि आळ आलाच तर तो खोटा नसतो.

या कार्यक्रमाला 'मूनिंग अ‍ॅमट्रॅक' म्हणतात. अ‍ॅमट्रॅक ही अमेरिकेतली लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवणारी राष्ट्रीय संस्था. खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी वाहतूक परवडेनाशी झाली, तेव्हा 1 मे 1971 पासून तिने हे काम हाती घेतलं.

जागेचा भूगोल

कोणत्याही प्रथेचं निम्मं कारण तिच्या जागेत असतं. लॉस एंजेलिसपासून सॅन डिएगोपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, 1880 च्या दशकात तयार झाला. या मार्गावर सँटा फे कंपनीने 1938 साली 'सॅन डिएगन' नावाची गाडी सुरू केली. तीच पुढे अ‍ॅमट्रॅककडे आली आणि 2000 साली तिचं नाव 'पॅसिफिक सर्फलायनर' झालं. डबे दुमजली, खिडक्या मोठ्या. उद्देश अर्थातच प्रवाशांना समुद्र नीट दिसावा हा.

या मार्गावर सॅन हुआन कॅपिस्ट्रानो नावाचं जुनं गाव आहे. तिथलं स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन 1776 सालचं. दरवर्षी 19 मार्चला, संत जोसेफच्या सणाला, तिथे पाकोळ्या परत येतात अशी ख्याती आहे आणि त्यांच्या स्वागताचा उत्सवही होतो. त्या गावाच्या उत्तरेला लागूनच लगूना निगेल. एका गावात वर्षातून एकदा पाखरं येतात, शेजारच्या गावात वर्षातून एकदा चंद्र उगवतात.

लगूना निगेल मात्र जुनं गाव नाही. 1959 नंतर एका कंपनीने आखून वसवलेली ती वसाहत. तिला शहराचा दर्जा मिळाला 1989 साली. म्हणजे गंमत अशी, की गावची ही प्रथा गावच्या नगर परिषदेपेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. नव्या वसाहतीला देऊळ, जत्रा, वेस, पार यांपैकी काही वारशाने मिळत नाही. जे काही 'आपल्या गावचं' म्हणून असतं, ते लोकांना स्वतःच घडवावं लागतं.

तिथे रुळांना समांतर एक रस्ता आहे. रस्त्याच्या एका बाजूला तारेच्या जाळीचं कुंपण आणि पलीकडे रूळ. दुसऱ्या बाजूला 'मग्ज अवे सलून'. सलून म्हणजे आपल्याकडचं केस कापायचं दुकान नव्हे, अमेरिकेत या शब्दाचा अर्थ दारूचा गुत्ता. 'मग्ज अवे' ही डार्ट्स म्हणजे बाण फेकण्याच्या खेळातली बोली : मागचा डाव जो हरला, त्याने पुढचा सुरू करायचा. एकूण काय, तर रिकामा वेळ, बाटली, पैजेची सवय आणि समोरून ठरलेल्या वेळेला जाणारी गाडी, एवढा सगळा ऐवज एकाच ठिकाणी होता.

1979 ची पैज

हकीकत एवढीशीच आहे. 1979 च्या जुलैमधल्या एका शनिवारी या गुत्त्यातल्या एका गिऱ्हाइकाने जाहीर केलं, की जो कोणी रस्ता ओलांडून कुंपणापाशी जाईल आणि पुढच्या गाडीला ढुंगण दाखवेल, त्याला माझ्याकडून एक पेला. काहीजण उठले, गेले, दाखवून आले. पेले मिळाले. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही झालं. जुलैचा दुसरा शनिवार पक्का झाला.

यात संस्थापक नाही, समिती नाही, वर्गणी नाही. नावनोंदणी नाही, तिकीट नाही. गुत्ता जागेपुरता यजमान, पण कार्यक्रम त्याच्या मालकीचा नाही. रेल्वेचा तर संबंधच नाही; तिने फक्त वेळेवर यायचं. वेळापत्रक रेल्वेचं, बाकी सगळं लोकांचं. पुढे 1990 च्या दशकात त्याच मार्गावर मेट्रोलिंक या उपनगरी सेवेच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा मंडळींनी भेदभाव केला नाही. त्यांनाही तोच मान.

हळूहळू दिवसाला आकार आला. लोक सकाळपासून येऊ लागले. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या आणून रस्त्याकडेला लावल्या. कुणी म्हातारे, कुणी जोडपी, कुणी केवळ बघे. अंधार पडल्यावर गाडीतून काही दिसणार कसं, म्हणून बॅटऱ्या आणि कंदील आले आणि रात्रीचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला. आणि सर्वांत मासलेवाईक गोष्ट म्हणजे, काही लोक केवळ हे पाहायला मिळावं म्हणून त्या दिवशी गाडीचं तिकीट काढून जाऊ लागले. ज्याची खोडी काढायची तोच तिकीट काढून खोडी बघायला आला.

गाडीच का?

हीच माणसं चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हे दाखवती, तर पहिल्याच वर्षी मार खाती. गाडीसमोर ते खपलं, याची कारणं गाडीच्या स्वभावात आहेत.

पहिलं कारण वेळ. समजा गाडी 180 मीटर लांब आहे आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने जाते आहे. तर ती कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका माणसासमोरून साधारण आठ सेकंदांत निघून जाते. खिडकीतल्या प्रवाशाला तर तो माणूस एखाद-दोन सेकंदच दिसतो. राग यायला, समजून घ्यायला, ओळखून ठेवायला तेवढा वेळ पुरत नाही. पुरतो तो फक्त दचकायला, आणि मग हसायला.

दुसरं कारण चेहरा. या खोडीत खोडकराचा चेहरा पलीकडे असतो. त्याला प्रवासी दिसत नाहीत, प्रवाशांना तो कोण ते कळत नाही. शिवाय ती कुणा एकाला उद्देशून नसते. पाचशे माणसांना मिळून केलेला अपमान कुणा एकाच्या वाट्याला फारसा येत नाही.

तिसरं कारण असं, की गाडी थांबत नाही. 1979 साली लगूना निगेलला स्टेशनच नव्हतं. उपनगरी गाड्यांसाठी तिथे स्टेशन झालं ते 2002 साली. आपल्या दारावरून रोज गाडी जाते, पण आपल्यासाठी थांबत नाही, हा अनुभव रुळाकाठच्या कुठल्याही वस्तीला ओळखीचा आहे. आपल्याकडची पोरं अशा गाडीला हात हलवतात. काचेआडच्या माणसाने आपल्याकडे एकदा पाहावं, एवढीच त्यात इच्छा असते. माझ्या मते लगूना निगेलची खोडी ही याच हात हलवण्याची दारू प्यालेली थोरली बहीण आहे. 'आम्ही इथे आहोत, बघा' हेच ती सांगते, फक्त सांगायची दिशा उलटी.

आणि चौथं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कारण : या खोडीत लाज जाते ती खोडी काढणाऱ्याची. प्रवाशाचं काही मोडत नाही, सांडत नाही. साठीतला पोटसुटा गृहस्थ कुंपणाशी ओणवा होतो, तेव्हा हसू त्याचं होतं. स्वतःला हास्यास्पद करून घेण्याची तयारी ही या प्रथेची खरी प्रवेश फी.

जुनी वंशावळ

ढुंगण दाखवणं हे विनोदासाठी मुळात नव्हतंच. ते अपमानाचं जुनं हत्यार आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस याने एक प्रसंग नोंदवला आहे. इ. स. 50 च्या सुमाराला, क्युमॅनस नावाचा रोमन अधिकारी असताना, यरुशलेमच्या मंदिरात वल्हांडणाच्या सणाची गर्दी होती. पहाऱ्यावरच्या एका रोमन शिपायाने यात्रेकरूंकडे पाठ करून वस्त्र वर केलं आणि साजेसा आवाजही काढला. लोक खवळले, दगड आले, जादा फौज बोलावली गेली, आणि अरुंद वाटांतल्या चेंगराचेंगरीत हजारो माणसं मेली असं जोसीफस लिहितो. न्यूझीलंडच्या माओरी समाजात पार्श्वभाग उघडा करून दाखवणं हा तिरस्काराचा एक परंपरागत प्रकार आहे. 1983 साली ब्रिटनचे युवराज चार्ल्स आणि डायना तिथे गेले असता एका माओरी कार्यकर्त्याने तो निषेध म्हणून वापरला होता.

म्हणजे कृती तीच. पण यरुशलेमात तिने रक्त सांडलं आणि लगूना निगेलमध्ये लोक तिकीट काढून आले. फरक कशाचा? रोमन शिपाई सत्तेच्या बाजूला उभा होता, हातात शस्त्र होतं, आणि समोरच्यांचा पवित्र दिवस होता. बलवानाने दुबळ्याला दाखवलं की तो अपमान होतो. कुंपणाबाहेरच्या माणसाने धावत्या गाडीला दाखवलं की ती मस्करी होते. आपल्याकडे शिमग्याच्या शिव्या गोड मानून घेतात त्यामागेही हाच हिशेब आहे. दिवस ठरलेला, माणसं बरोबरीची, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचं.

कायद्यालाही हा फरक करावा लागला आहे. 2000 साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका अल्पवयीन मुलाने रस्त्यावरच्या वाहनांना असंच दर्शन घडवलं होतं. यात कामुक हेतू नाही, तेव्हा राज्याच्या अश्लील अंगप्रदर्शनाच्या कलमाखाली तो गुन्हा ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. ते चांगलं वागणं आहे असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही. जनाची नाही तर मनाची, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

दुसरी बाजू

प्रवाशांना विचारणारं कुणी नव्हतं, हेही सांगायला हवं. गाडीत नातवंडं घेऊन बसलेली आजी असते, परगावचा पाहुणा असतो. त्यांनी या खेळात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं. गाडी क्षणात निघून जाते म्हणून त्रास थोडा, पण शून्य नव्हे. खोडी जोवर छोटी, क्षणिक आणि स्वतःवर हसणारी असते, तोवर हे कर्ज समाज माफ करतो. ती वाढली की वसुलीला येतो.

ती वसुली 2008 साली झाली. नव्या माध्यमांमुळे बातमी लांबवर पोहोचली होती, आणि त्या वर्षी एका लहानशा रस्त्यावर हजारोंची गर्दी लोटली. रस्ता तुंबला. दारू वाहू लागली. गाडी नसतानाही कपडे उतरू लागले, उघड्यावर विधी होऊ लागले. शेवटी शेरीफच्या पोलिसांनी कार्यक्रम दुपारीच बंद करून लोकांना घरी पाठवलं. पुढच्या वर्षांपासून बंदोबस्त कडक झाला आणि गर्दी पुष्कळ ओसरली. प्रथा मेली नाही, पण जुन्या आकाराला परत आली : थोडी माणसं, एक कुंपण, एक गाडी.

इथे आपल्या गेरची आठवण येते. गेरमध्ये माणसं त्याहून कितीतरी जास्त असतात, रंगही टँकरने उडतो. पण तिला मार्ग आहे, वेळ आहे, काढणाऱ्या मंडळांची नावं आहेत, आणि गेर पुढे सरकली की मागोमाग नगर निगमचे लोक झाडू घेऊन रस्ता धुवायला हजर होतात. लगूना निगेलच्या खोडीला मालक नव्हता. मालक नव्हता म्हणून ती मोकळी राहिली, कुणाला तिचा धंदा करता आला नाही. आणि मालक नव्हता म्हणूनच गर्दी वाढल्यावर 'आता पुरे' म्हणायलाही कुणी नव्हतं. ते काम पोलिसांकडे गेलं.

खोडी आणि दगड

रुळाकाठच्या सगळ्या खोड्या एका माळेत ओवता येत नाहीत. आपल्याकडे रुळावर नाणं ठेवून ते चपटं करून घेणाऱ्या पिढ्या झाल्या, आणि आज धावत्या गाड्यांवर दगड मारल्याच्या बातम्याही येतात. अनेकदा दगड मारणारी पोरं 'गंमत केली' असंच सांगतात. पण दगडात फेकणारा सुरक्षित असतो आणि काचेआडचा जखमी होतो. आपल्या 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 152 खाली, प्रवाशाला इजा करण्याच्या इराद्याने गाडीवर काही फेकलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरणं हाही कलम 147 खाली गुन्हा आहे. लगूना निगेलची मंडळी कुंपणाच्या अलीकडेच उभी राहत आली, हा त्यांच्या प्रथेचा न लिहिलेला पण फार महत्त्वाचा नियम. गंमत कोणाच्या खर्चाने चालली आहे, एवढं पाहिलं की खोडी कोणती आणि गुन्हा कोणता हे पुष्कळदा कळतं.

नोंद ठेवण्याबद्दल

शिमगा जातो आणि कवित्व राहतं, असं आपण म्हणतो. इतिहास मंडळाला हवं असतं ते हे कवित्व. एका पेल्याच्या पैजेची हकीकत आज सांगता येते, कारण तिथल्या लोकांनी ती पहिल्या दशकांतच एकमेकांना सांगून, लिहून, वर्तमानपत्रांत छापून पक्की केली. त्यांना ती लाज वाटण्याजोगी गोष्ट वाटली नाही. आपल्याकडे उलट होतं. देवळं, वाडे, सनदा यांची नोंद आपण मन लावून करतो. होळकर दरबारने रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या रेल्वेच्या कडेला राहणारी पोरं गाडीला काय ओरडत, कुठल्या गाडीला कोणतं टोपणनाव होतं, कोणत्या फाटकापाशी कोणती पैज लागे, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते 'असलं काय लिहायचं' या सदरात जातं आणि सांगणाऱ्यासोबत संपतं.

तेव्हा वाचकहो, घरात कुणी रुळाकाठी वाढलेलं असेल, महू, पाताळपाणी, राऊ, कुठेही, तर त्यांना बसवून विचारा. उत्तर थोडं आचरट आलं तरी चालेल. वर्ष, जागा आणि निमित्त मात्र नीट टिपून घ्या.